आईला कुठे पाठवायचं

"गावाला पाठवतेस मला?" आईने कागद टेबलावर आपटला. "इतकी वर्षं तुझ्या घरात राबले, आणि आता बॅग भरून गावाला?"

आई म्हणजे मालिकेतली आई. डोक्यावर पांढरा विग चढवून मेकअपच्या खोलीत आरशासमोर बसलेली. लेखिका दारातच थबकली. ही मालिका तिने लिहिली होती आणि पदरमोड करून तिनेच उभीही केली होती. नट तिने निवडले, सेटवरचे पडदेसुद्धा तिच्या पसंतीचे. आज सकाळी चॅनेलने मालिका तिच्याकडून काढून दुसऱ्या निर्मात्याला दिली. चहा पाजून, हसत हसत. जाण्यापूर्वी जुनी पात्रं तेवढी आवरून द्या म्हणाले. भाडेकरूला घर सोडताना झाडून द्या म्हणावं, तसं.

"आई, मी तुमच्या भल्याचंच केलंय," लेखिका म्हणाली. "मेलेलं माणूस परत आणता येत नाही. गावाला गेलेलं कधीही येऊ शकतं. मी दार उघडं ठेवलंय तुमच्यासाठी."

धंद्यातला जुना रिवाजच आहे हा. ज्याच्यावर माया असते त्याला लेखक मारत नाहीत, गावाला पाठवतात.

"दार उघडं! आणि आत घेणार कोण? तू तर निघालीस." आई आरशातूनच बोलत होती. "मागच्या मालिकेत मी भावाकडे गेले. चार दिवसांत येते म्हणून. अजून भावाकडेच आहे."

लेखिकेला हसू आलं. आईला आलं नाही.

"हसू नकोस. कधी बोलावतील नेम नाही म्हणून मी दुसरं काम घेतलं नाही. आलेली दोन चांगली कामं हातची घालवली. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचे. मग एक दिवस टीव्हीवर बघितलं, तर माझ्या खोलीत धाकट्या सुनेने जिम काढलेली. माझं नाव एकदासुद्धा कुणी काढलं नाही गं. सख्ख्या मुलांनीही नाही." ती वळली. "मला मार. नीट मार. चार माणसं रडतील असं मार आणि मोकळी कर."

लेखिका स्टूल ओढून, पावडरचे डबे बाजूला सारून त्याच टेबलावर लिहायला बसली. माणूस मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हॉस्पिटल नाही, खोकला नाही, शेवटचे शब्द नाहीत. आई खुर्चीत बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालतेय. मोठी सून पाठमोरी उभी राहून तिच्याशी बोलतेय, आयुष्यात पहिल्यांदा मनातलं सगळं बोलतेय. बोलून झाल्यावर ती मागे वळते. लिहिता लिहिता लेखिकेचे डोळे भरून आले. ते अश्रू आईसाठी नव्हते. आपल्याला हे येतं, अजून येतं, आणि उद्यापासून ते कुणालाच नको आहे, याचं तिला रडू आलं.

आईने दोनदा वाचलं.

"डोळे उघडे की मिटलेले?"

"मिटलेले."

"बरं झालं. उघडे ठेवून श्वास धरणं आता झेपत नाही मला."

कागद सेटवर गेला. सुनेला पाठांतराला वेळ हवा होता, म्हणून दोघी बसून राहिल्या. तेवढ्यात लेखिकेचा फोन वाजला. चॅनेलची अधिकारी होती, कधीकाळी लेखिकेच्याच हाताखाली शिकलेली. तिचा आवाज ऐकताच लेखिका उठून उभी राहिली.

"नाही नाही, राग कसला त्यात... खरंच?... हो, वेळ तर लागणारच... नाही, दुसऱ्या कुणाला शब्द नाही देणार. मोकळीच राहते. तुम्ही फक्त कळवा."

फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"माझ्यासाठी काहीतरी मोठं आहे म्हणाली तिच्या डोक्यात! इतक्यात नाही, पण बोलावणार म्हणाली. नक्की म्हणाली, आई!"

आईने तिच्याकडे बघितलं. भावाकडची सगळी गोष्ट ऐकून झाल्यावरही जिला कळलं नाही, तिला आणखी काय सांगायचं?

दारावर थाप पडली. "आई, शॉट रेडी आहे!"

आई उठली, विग सारखा केला. जाता जाता थांबून तिने लेखिकेच्या गालावर हात ठेवला.

"मी सुटले गं," ती म्हणाली. "तू जपून राहा."

लेखिका त्या खोलीतच थांबली. बाहेरची ठोकाठोक, हाका, खुर्च्यांचे आवाज एकेक करून थांबले. शूटिंग चालू असताना प्रत्येकाने फोन बंद ठेवायचा, हा नियम तिचाच होता. एका नटाचा फोन ऐन दृश्यात वाजला, तर तिने त्याला सगळ्यांदेखत सेटवरून हाकललं होतं. भिंतीपलीकडे सून बोलायला लागली. नुकतीच लिहिलेली वाक्यं एकेक करून ऐकू येत होती, आणि पोरगी ती फार छान म्हणत होती.

लेखिकेने फोन मांडीवर घेतला आणि त्याचा आवाज होता नव्हता तेवढा वाढवला.