वरच्या आळीची फडकी

"दोन्ही आळ्यांत नारू न्हाई," काकासाहेबांनी कागद परत सरकवला. "मंग डाक्टर, तुमच्या फडक्यानं केलं काय?"

इनायत डॉक्टरनं कागद पुन्हा उलगडला. आपल्या संशोधनाचा भार उचलणारी एखादी संस्था मिळावी म्हणून तो किती वर्षं वणवण करत होता. हैदराबादला अर्ज झाले, एका नवाबाच्या देवडीवर जोडे झिजले. शेवटी जालन्याचं हे काकासाहेबांचं धर्मादाय मंडळ कबूल झालं, तेही अट घालून. आधी एका गावात फरक दाखवा, मग चाळीस गावांचा खर्चा आमचा.

त्यानं हसनाबाद निवडलं. सगळं गाव एकाच बारवेचं पाणी प्यायचं, आणि उन्हाळा आला की घरोघर कुणी ना कुणी पायातून निघणारा नारूचा लांब जंत काडीला गुंडाळत खाटेवर पडलेलं असायचं. पाणी दाट फडक्यातून गाळलं तर नारू होत नाही, एवढंच त्याला सिद्ध करायचं होतं. त्याच्या बायकोनं, रजियानं, दीड दीड हाताची साठ फडकी शिवली. ओळखू यावीत म्हणून चारही कडांना लाल दोरा घातला. ती वरच्या आळीत वाटायची, खालच्या आळीला एकही नाही. वाटपाचं काम वरच्याच आळीतल्या गोजरबाईकडं दिलं. गावातल्या अर्ध्या पोरांची नाळ तिनं कापलेली; तिचा शब्द बायका मोडत नसत.

"खालच्यायनी काय पाप केलं?" तिनं विचारलं होतं.

"पाप नाही, गोजरबाई. एकाला दिलं, एकाला नाही, तेव्हाच फरक दिसतो."

"बरं," ती म्हणाली आणि गठ्ठा डोक्यावर घेतला.

नारू अंगात वर्षभर दडून बसतो, म्हणून इनायतनं दोन उन्हाळे वाट पाहिली. महिन्याच्या पहिल्या बुधवारी भोकरदनच्या दवाखान्यातून तट्टावर बसून यायचा आणि घर न् घर बघायचा. वरच्या आळीतली फडकी धुऊन धुऊन आटलेली दिसायची, चौथी कड पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली. घरी जाऊन तो रजियाला म्हणाला, "तुझा टाका उसवतोय."

"माझा टाका उसवत न्हाई," रजिया म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही.

पूर्वी वरच्या आळीत तेवीस जण पडून असायचे, खालच्या आळीत सव्वीस. औंदा दोन्हीकडं शून्य.

काकासाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला आणि आवाज उतरवला. "खालच्या आळीत पंधरा-वीस लिहा. बिलकुल आत्ता सही करतो. मंडळाला फरक दिसला म्हंजे झालं."

इनायतच्या मस्तकात तिडीक गेली. "वीस सोडा, एकही लिहिणार नाही. जे मोजलं तेच लिहीन."

"मंग बसू द्या चाळीस गावायला काडी गुंडाळत."

"तुमची सही नको मला!" इनायतनं कागदाची घडी केली आणि दुआ-सलाम न करता पायऱ्या उतरला.

उतरला ताठ मानेनं, पण जालन्याबाहेर येताच त्याचे डोळे भरून आले. चाळीस गावं हातची गेली होती. गाळणं खरं होतं, नारू खरा होता, मग फरक गेला कुठं? घरी न जाता त्यानं हसनाबादची वाट धरली. वार शनिवार होता.

बारवेवर बायकांची गर्दी होती. त्याला पाहताच खालच्या आळीतल्या शकीलानं घाईनं पदर ओढून घागरीचं तोंड झाकलं. गोजरबाई तिच्या शेजारीच पाणी भरत होती.

"आज कसे काय, डाक्टरसाब? आज बुधवार न्हाई."

"मंडळानं पाठ फिरवली. खालच्या आळीत कुणी आजारी नाही म्हणून."

"अन् त्याचं दुख करून राह्यले तुमी?"

असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

शकीला पदराआडून काहीतरी ओढून काढू लागली. गोजरबाईनं तिचं मनगट धरलं.

"राहू दे, शकीला. आपुन काय चोरी केली न्हाई. जे केलं ते मी केलं, अन् उद्या म्हनले तर उद्याबी करीन."

तिनं शकीलाच्या घागरीवरचं फडकं काढलं, मग स्वतःच्या. दोन्ही बारवेच्या दगडावर पसरली आणि पांढऱ्या कडेला पांढरी कड लावली. बरोबर दीड हात भरलं, चारही बाजूंनी लाल.