पोळ्या मोजू नयेत

बारा किलो उतरवून दोन वर्षं झाली, तरी ऋतिका रोज ताटातल्या पोळ्या मोजून मोबाइलमध्ये कॅलरी भरायची. धायरीच्या त्या फ्लॅटमध्ये सासूबाईंना हे बघवेना.

“वजन उतरलं ना? मग आता काय जन्मभर मोजत बसणार?”

“मोजणं सोडलं की परत चढतं, आई.”

“अगं, ताटातल्या पोळ्या मोजू नयेत. मोजून खाल्लेलं अंगी लागत नाही.”

“मला तेच तर हवंय.”

सासूबाईंनी शेजारी जेवत असलेल्या लेकाकडे पाहिलं. पृथ्वीराजच्या शर्टाची पोटावरची दोन बटणं केव्हाच रिटायर झाली होती.



त्याला पुढची पोळी वाढताना सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा मोठ्याने मोजलं, “सात.”