कार्डावरचं नाव

"नाव टाकल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, काकी," श्रेया म्हणाली.

कमलकाकींनी तोंडाने नाव घेतलं नाही. पिशवीतून नवऱ्याचं आधार कार्ड काढलं आणि टेबलावरून पुढे सरकवलं. जयवंत धुरी. श्रेयाने एकेक अक्षर बघून टाइप केलं. लालबागच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दर गुरुवारी ती म्हाताऱ्या माणसांना सरकारी वेबसाइट कशी वापरायची ते शिकवायची, आणि तिचा पहिला धडा ठरलेला असायचा: कार्डावर आहे तेच टाकायचं, काना-मात्रा इकडची तिकडे करायची नाही. सरकारला लाडाची नावं कळत नाहीत, असं ती हसत सांगायची.

आज गुरुवार नव्हता आणि हसण्यासारखंही काही नव्हतं. जयवंतकाका काल दुपारी चाळीतून खाली उतरले ते परत आलेच नव्हते. अलीकडे त्यांना स्वतःचा जिनासुद्धा ओळखू येत नसे. पोलिसांत तक्रार देऊन झाली होती. मुलगा वैभव रात्रभर हिंडून आता इस्पितळं पालथी घालत होता. हवालदाराने सांगितलं होतं, वेबसाइटवर 'सापडलेल्या व्यक्ती' बघत राहा. म्हणून मंडळाची खोली उघडायच्या आधीच काकी पायरीवर येऊन बसल्या होत्या.

पडद्यावर चक्र फिरत राहिलं. मग अक्षरं उमटली: नोंद आढळली नाही.

"परत बघ."

श्रेयाने परत पाहिलं. स्वतःचाच नियम मोडून जयवन्त असंही टाकून पाहिलं. नोंद आढळली नाही.

"ते खाली लाल अक्षरात काय आहे गो?"

श्रेयाने ते केव्हाच वाचलं होतं. मघापासून ती पान वरच्या वर ठेवायची धडपड करत होती.

"ते आपल्यासाठी नाही, काकी."

"मला वाचता येतं. उघड."

सर्व्हर बंद आहे म्हणून सांगावं, असं श्रेयाच्या जिभेवर आलं होतं. ही थाप कुणालाही खरी वाटली असती. पण काकी पडद्यावरची नजर काढत नव्हत्या. तिने 'अनोळखी मृतदेह' वर क्लिक केलं.

मिटल्या डोळ्यांचे चेहरे एकाखाली एक वर सरकू लागले. श्रेया माऊसचं चाक भराभर फिरवू लागली. फोटो नीट दिसायच्या आत पुढे जावं, असं तिला वाटत होतं.

"थांब."

दाढीचे पांढरे खुंट. चौकड्यांचा शर्ट. काका काल चौकड्यांचाच शर्ट घालून गेले होते, हे श्रेयाला ठाऊक होतं. काकींकडे मान वळवायचा तिला धीर होईना. काकींनी चष्मा डोळ्यांवर दाबून धरला आणि तोंड पडद्याजवळ नेलं, इतकं की श्वासाने काच धुरकटली. ती पदराने पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं.

"नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "ह्यांच्या हनुवटीवर खूण आहे, गिरणीत मागावरचा धोटा उडून लागला होता त्याची. ह्याला नाही." मग फोटोला हात जोडले. "कुणाचा तरी असेल बिचारा."

फोटोखाली लिहिलं होतं, नाव: अज्ञात.

"ह्यांना विचारलं असतं तर ह्यांनी सांगितलं असतं गो नाव," काकी स्वतःशीच बोलल्या. "हल्ली तेवढं एकच धड सांगतात."

"जयवंत म्हणून?"

"ते कुठलं! सासूबाई हाक मारायच्या ते."

श्रेयाचा हात जागच्या जागी थांबला.

"काकी, अहो, हे आधी नाही का सांगायचं?"

"तू कार्डावरचं मागितलंस."

श्रेयाचे कान तापले. काकी दर गुरुवारी पहिल्या बाकावर बसायच्या आणि तिचा शब्द न् शब्द ऐकायच्या. "काय हाक मारायच्या?"

काकी अजूनही घुटमळल्या. "सासूबाईंची आधीची मुलं जगली नाहीत. म्हणून ह्यांना नाव ठेवलं तसलं, नजर लागू नये म्हणून. शाळेत मास्तरांनी मग चांगलं दिलं."

"पण काय?"

"दगडाला उकार लाव. दीर्घ."

चक्र फिरलं. एक नोंद आली. वडाळा. पुरुष, वय अंदाजे ऐंशी, हनुवटीवर जुना व्रण, नाव दगडू असे सांगतो. खाली एका निवारा केंद्राचा फोन नंबर होता. श्रेयाची बोटं दोनदा चुकली. मग तिने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"हो हो, आहेत इथे," पलीकडची बाई म्हणाली. "सुखरूप आहेत. पण कालपासून अन्नाला शिवले नाहीत हो. कुणाला जवळ येऊ देत नाहीत. आई न्यायला येणार, मगच जेवणार, एवढंच चाललंय. तुम्ही कोण त्यांच्या?"

"त्यांच्या मिसेस आहेत इथे," श्रेया म्हणाली. "सांगा ना त्यांना, बायको येतेय म्हणून."

"ते सांगून पाहिलं. मी म्हटलं, आजोबा, घरी बायको वाट बघत असेल. तर म्हणाले, माझं लग्नच झालेलं नाही."

श्रेयाने झटकन स्पीकर बंद करायला हात पुढे केला. काकींनी तो बाजूला सारला. मग फोन दोन्ही हातांनी उचलून तोंडाशी धरला.

"त्याच्या कानाला लावा."

पलीकडे काहीतरी खरखरलं. कुणाचा तरी जड श्वास ऐकू येऊ लागला.

"दगडू," काकी सासूबाईंच्या मालवणीत म्हणाल्या, "जेवान घे रे झिला. मी येतंय तुका न्हेवक."

फोनमधून ताट पुढे ओढल्याचा आवाज आला.