उदात्ताचा फोटो

"एवढं धूड गळ्यात अडकवून नावेत बसलात तर नाव कलंडेल," शरदिनीबाई पुटपुटल्या. त्या नवऱ्याच्या कानाशीच बोलल्या, पण दुकान इतकं अरुंद होतं की काउंटरपलीकडच्या दुकानदारानेही ऐकलं.

काउंटरवर दोन कॅमेरे होते. एक मोठा, काळा, पुढे सोंड काढलेला डीएसएलआर. दुसरा चपटा, चंदेरी, पानाच्या डबीएवढा. वेणीमाधव गुरुजींनी मोठ्यावर हात ठेवला होता. शरदिनीबाईंनी छोट्यावर.

गुरुजी रामघाटावरच्या पाठशाळेत चाळीस वर्षं यजुर्वेद शिकवत होते. त्यांच्या शाखेत स्वर नुसता गळ्यातून काढून भागत नाही, हातानेही दाखवावा लागतो. उदात्ताला हात वर, अनुदात्ताला खाली. हात इकडचा तिकडे झाला की पाठ चुकला. गुरुजींचा हात बिनचूक म्हणून लांबलांबून विद्यार्थी यायचे. येत्या आषाढापासून ते शिकवणं थांबवणार होते. त्याआधी सगळे हात फोटोत उतरवून ठेवायचे ठरलं होतं. "मी नसेन तेव्हा मुलांनी बघायचं कुठे?" एवढंच ते म्हणाले होते.

पण चार महिने जो फोटो काढावा तो धूसर. पहिल्यांदा शार्दूलच्या मोबाइलला नावं ठेवून झाली. शार्दूल म्हणजे गुरुजींचा लाडका शिष्य. चार वर्षांपूर्वी बीडहून आलेला, आता धाकट्या वर्गाला स्वतः शिकवणारा. मग दुसरा मोबाइल आणला. मग खोलीतल्या उजेडाला नावं ठेवली. मग मोटरबोटींना. त्या गेल्या की घाटावरच्या भिंती हलतात, असं गुरुजी म्हणाले, आणि शरदिनीबाईंनी लगेच साक्ष दिली, "हलतात तर! परवा डाळीचा डबा पडला." अलीकडे त्या गुरुजींना चहा अर्धा कपच द्यायच्या, दोनदा. का ते कोणी विचारलं नाही.

"माताजी, छोटा भी बढ़िया है," दुकानदार म्हणाला. "मगर बड़ा वाला बारीक से बारीक चीज़ पकड़ता है. एक-एक बाल गिन लीजिए."

"केस कशाला मोजायचेत?" शरदिनीबाई नवऱ्याकडे वळल्या. "जरा कमी दिसलं तर काय बिघडलं? छोटाच घेऊ, अहो. हल्का आहे, झंझट नाही."

"अगं, शिकायचंय त्यातून. कमी दिसून कसं चालेल? शार्दूल, तू सांग."

"दोन्ही चांगलेच आहेत, गुरुजी," म्हणून मागे उभा असलेला शार्दूल स्वतःच्या चपला बघू लागला.

दुकानदाराने दोन्हींनी फोटो काढून दाखवायचं ठरवलं. गुरुजींनी मंत्राचा तुकडा म्हटला, हात वर नेला. छोट्या कॅमेऱ्यात धुकं आलं. मोठ्याचं शटर त्याने तेज केलं आणि पडद्यावर हात लख्ख उमटला, रेषान् रेषा.

शरदिनीबाईंनी छोटा कॅमेरा बाजूला सारला. धूड त्यांना एकदम देखणं वाटायला लागलं. "झालं की! मोठाच घ्या. मी काय म्हणत होते?"

"पण हात चालतो गं," गुरुजी म्हणाले. "इथून तिथे जातो कसा, तेही दिसायला हवं."

"वीडियो है ना इसमें!" दुकानदार खूश झाला.

व्हिडिओत गुरुजींचा हात वर गेला आणि वर पोचल्यावर तीनदा थरथरला. छोट्याशा पडद्यावर ते फार मोठं दिसलं.

"पंख्याचा वारा," शरदिनीबाई म्हणाल्या.

पंखा बंद करून पुन्हा घेतला. पुन्हा तेच.

"छोटाच बरा," शरदिनीबाई म्हणाल्या.

दुकानदाराने डोकं खाजवलं. "एक मिनट. भैया, आप करके दिखाइए."

शार्दूलने म्हटलं, हात वर नेला. पंचविशीतला, दोन घागरी एका दमात घाट चढवणारा हात. तोही वर जाऊन तीनदा थरथरला.

"देखा! कैमरे में ही खराबी है," दुकानदाराचा जीव भांड्यात पडला. "मैं तो कुछ और समझ बैठा था. दूसरा पीस निकालता हूँ."

"खराबीच!" शरदिनीबाई म्हणाल्या. "मला आल्या आल्याच शंका आली होती."

गुरुजी मात्र शार्दूलकडे बघत होते. "हात काउंटरवर ठेव."

ठेवला. पाटासारखा निश्चल.

"आता म्हण."

हात वर गेला, तीनदा थरथरला. या वेळी मध्ये कॅमेरा नव्हता.

"हे काय?"

"उदात्त, गुरुजी."

"वर गेल्यावर जे केलंस, ते?"

"ते होय!" शार्दूलचा चेहरा उजळला. "काही शाखांत स्वराला कंप देतात ना, तसा आपलाही. हुबेहूब तुमच्यासारखा जमायला सहा महिने लागले मला. धाकट्या वर्गाला पण शिकवलाय. अकरांपैकी नऊ जणांना येतो. दोघांना अजून जमत नाही, त्यांना मी रोज उभं करतो."

शरदिनीबाईंनी छोटा कॅमेरा उचलला आणि पदराच्या टोकाने तो उगाचच पुसायला लागल्या. गुरुजींनी तो त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला, दुकानदाराकडे परत सरकवला.

"त्या दोघांना उद्या बसव," ते शार्दूलला म्हणाले. "त्यांचंच बरोबर आहे. कंपच आहे हा, पण वेदातला नाही रे. माझा हात कापतो."