आधी गार पाणी

१९८९च्या फेब्रुवारीत, जपानमधल्या एका गावात, तोकी हामासाकी न्हाणीघराच्या दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. नखं पांढरी पडली होती.

"तोकीआजी, पाणी भरतेय हं. छान गरम करते," मिनेको म्हणाली. नर्सची नोकरी सोडून तिने वडिलांच्या बंद पडलेल्या मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, दुकानात म्हाताऱ्या माणसांसाठी घर उघडलं होतं. कुणीच ठेवून घेत नाही, अशांसाठी. तोकी तिथली पहिली आणि अजून तरी एकटीच. आल्यापासून तिने अंगाला पाणी लागू दिलं नव्हतं.

मागे बोळात तोकीची सून हिसाए कोट न काढताच उभी होती.

"राहू द्या हो, मिनेकोबाई. आधीच्या दोन वृद्धाश्रमांतून ह्याच पायी काढलंय त्यांना. एका पोरीला तर चावल्या. आज अंघोळ झाली तर ठीक, नाहीतर मी त्यांना डोंगरावरच्या इस्पितळात नेऊन सोडते."

त्या इस्पितळाच्या खिडक्यांना गज होते. तिथे माणसं बांधून ठेवतात, असं सगळा गाव म्हणायचा.

मिनेकोने लाकडी टबात गार पाणी सोडलं. मग कढत पाण्याचा नळ उघडला. नोकरीत हाताला हेच वळण पडलं होतं. आधी गार, वरून गरम, म्हणजे कुणी भाजत नाही. आश्रमांतूनही हीच शिस्त असे. टबातून वाफ वर आली.

तोकी किंचाळली. तिचे हात चौकटीवरून सुटले. ती खाली बसली आणि जमिनीला कपाळ टेकून विनवू लागली.

"बाई, पाया पडते तुमच्या. मी अजून मेले नाहीये हो!"

मिनेकोने नळ बंद केला. हिसाए दाराशी आली.

"सासरे गेले तेव्हा," ती पुटपुटली, "त्यांच्या शेवटच्या अंघोळीला मीच गार पाण्यात कढत पाणी ओतलं होतं. जिवंतपणी आधी गरम, मग गार; मेलेल्या माणसासाठी तसंच उलटं काढतात ना. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या."

मिनेकोलाही ते ठाऊक होतं. आजीच्या वेळी तिने पाहिलं होतं. नर्सचा पोशाख चढवला आणि विसरली. इतक्या वर्षांत आपण किती जिवंत माणसांपुढे हे पाणी काढलं, याचा हिशोब तिला लागेना.

तिने टब ओतून दिला. आधी कढत पाणी सोडलं, मग तोकीच्या डोळ्यांदेखत त्यात विसण घातलं. तोकी हळूहळू पुढे सरकली. पाण्यात बोट बुडवलं.

"अजून घाल गं गार. कोंबडी सोलायचीय का?"

हिसाएने कोट काढला, बाह्या वर सारल्या आणि सासूची पाठ चोळायला बसली.

तोकी त्या घरात आणखी नऊ वर्षं जगली आणि तिथेच झोपेत गेली. पुढे इतकी माणसं आली की मिनेकोला शेजारचं तांदळाचं दुकानही घ्यावं लागलं. मिनेको गेल्या वर्षी वारली. हिसाए आता सासूच्या तेव्हाच्या वयाहूनही मोठी झाली आहे. त्याच घरात राहते, पोटच्या मुलांना ओळखत नाही. अंघोळीला बोलावलं की मात्र मुकाट्याने उठते आणि दारापाशी थांबून हळूच विचारते, "सासूबाईंची झाली ना? मग मी येते."