गाठी

डॅशबोर्डखाली लाल वायरींचा झुपका लोंबत होता. मेकॅनिक सगळ्या जोडण्या काढून, हात टेकून निघून गेला होता. अण्णांना रंग ओळखू येत नसत, म्हणून त्यांनी आख्ख्या गाडीला एकाच रंगाची वायर ओढली होती आणि टोकांना खुणेच्या गाठी मारल्या होत्या. कुठली गाठ कशाची, हे फक्त त्यांनाच ठाऊक.

हल्ली ते मलाही ओळखत नाहीत. तरी वाटलं, हातांना आठवेल. त्यांना सीटवर बसवून झुपका हातात दिला. बोटं गाठींवर फिरू लागली. माझा जीव भांड्यात पडला. मी टेस्ट लॅम्प आणायला धावले.

परतले, तर सगळ्या वायरी सरळ होऊन त्यांच्या मांडीवर पडल्या होत्या.

"कुणीतरी केवढा गुंता करून ठेवला होता," ते हसून म्हणाले. "सोडवला बघा, बाई."