थ्री-इन-वन

"ह्यात राज खेळत नाय," असं म्हणून भिमाजींनी डबा काउंटरवर ठेवला. "जुन्यासारखा करून द्या."

ललितला राग आला. येणारच की! रविवार कारंजाजवळच्या बोळात टीव्ही गेम दुरुस्त करता करता त्याने हा डबा स्वतः जुळवला होता. तीन वेगवेगळ्या जुन्या मशीनांच्या कॅसेट ह्या एका डब्यात चालायच्या. जुन्या चिपा २००४ साली मिळतात कुठे? म्हणून त्याने एक कोरी चिप मागवली आणि तिला त्या तिन्ही मशीनांसारखं वागायला शिकवलं. सगळी पोरं कॉम्प्युटरकडे वळलेली. गिऱ्हाईक मिळालं ते हे एकच, मखमलाबाद गावापुढचे भिमाजी, गणेशवाडीच्या बाजारात फुलं विकणारे. तेही माल परत घेऊन आलेलं.

"काका, मुलालाच पाठवा ना. कुठलं बटण अडतंय ते तो बरोबर सांगेल."

"राज गेला, दादा. पाच वर्षं झाली."

ललितचा राग कुठल्या कुठे गेला. त्याने स्टूल पुढे सरकवलं. भिमाजी बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तो गेला तसं सखूनं, त्याच्या आईनं, अन्नच सोडलं. समजावून थकलो. एक दिवस त्याची आठवण आली म्हणून मी त्याची कॅसेट लावली. आता मला कुठं खेळता येतंय! नुसता बसलो. तर थोड्या वेळानं मशीन आपलं आपणच खेळाया लागलं. आतून सखूनं आवाज ऐकला. म्हणाली, राज आला का? मी म्हटलं, हो, राज खेळतोय, तू ये, जेव. आणि जेवली ओ! तेव्हापासून रोज संध्याकाळी टीव्ही लावायचा आणि तिच्यापुढं ताट ठेवायचं. मी टीव्हीकडं बघत बी नाय. माझं सगळं ध्यान तिच्या घासावर."

ललितच्या लक्षात आलं. बटणांना कुणी हात लावला नाही की ही जुनी गेम स्वतःच थोडी खेळून दाखवायची, तेच डाव, त्याच उड्या, पुन्हा पुन्हा. दुकानात लोकांना भुरळ पडावी म्हणून केलेली ती सोय. भिमाजींच्या घरात तिचं नाव राज होतं.

"मग माझ्या डब्यात काय बिघडलं?"

"जुनं मशीन बंद पडलं म्हणून हा नेला, तर त्यातला माणूस पहिल्याच भिंतीला जाऊन धडकतो. तिथंच पाय घासत राहतो. गाणं काही बदलंना म्हणून मी मान वर केली, तेव्हा दिसलं. आणि सखू दोन दिवस झाले, ताट संपलं तरी हलत नाय. नुसती एकटक बघती. तिला संशय आलाय, दादा. आपला राज असा अडकणारा नव्हता. हा राज नाय हे एकदा तिला कळलं ना, की ती परत अन्न सोडंल. ह्या खेपेला ती नाय वाचायची."

म्हाताऱ्याचा आवाज फाटला.

चूक त्याचीच होती. नवी चिप जुन्या मशीनहून किंचित मागे राहत होती. इतकी किंचित, की खेळणाऱ्याला कधी कळलं नसतं. पण मशीन स्वतः खेळायचं ते पाठ केलेल्या चालीवर. पाऊल उशिरा पडलं की उडी चुकली, आणि उडी चुकली की समोर भिंत.

ललितने देवळाली कॅम्पातल्या एका ओळखीच्याकडून चालू अवस्थेतलं जुनं मशीन मागून आणलं. दोन टीव्ही शेजारी शेजारी मांडले, एकावर जुनं मशीन, दुसऱ्यावर आपला डबा. बाकीची कामं पडून राहिली. गिऱ्हाइकं शिव्या घालून गेली, गेली तर गेली. भिमाजी बाजारातून येऊन सांगायचे, "राज येतोय म्हणून दोन घास भरवतोय, दादा, लवकर करा." दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली. आणि एका दुपारी दोन्ही टीव्हींवरची माणसं एकदम धावली, भिंतीवरून एकदम उडाली आणि पुढच्या पाण्याच्या खड्ड्यात एकदमच पडली. जराही फरक नाही! ललित एकटाच दुकानात ओरडला, "जमलं रे जमलं!"

डबा द्यायला तो स्वतः स्कूटरवर गेला. घराभोवती झेंडू फुलला होता. सखुबाईंनी हसून पाणी दिलं. बाई इतकी वाळलेली की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. भिमाजींनी घाईघाईने ताट वाढून आणलं, ललितने कॅसेट लावली, आणि तिघेही वाट बघत बसले.

छोटा माणूस धावत निघाला. भिंत आली. त्याने उडी मारली आणि पार झाला.

"सुटला गं! सखू, सुटला बघ आपला राज!" भिमाजींनी ललितची पाठ थोपटली. डोळे पुसत ते उठले. "थांबा दादा, तुम्हाला फुलं आणतो. रिकाम्या हातानं जायचं नाय." आणि ते वावरात गेले.

पडद्यावरचा माणूस पुढे गेला, पाण्याच्या खड्ड्यात पडला. बारीक सूर वाजला. सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

सखुबाईंचा घास हातातच होता.

"जेवा ना, मावशी."

"मशीनच खेळतं, ते मला ठाऊक हाय, दादा," सखुबाई हळूच म्हणाल्या. "पहिल्या दिवशी तेवढी फसले. ह्यांना वाटतं, मला बरं वाटतं. ह्यांचा जीव राहावा म्हणून रोज गिळते."

सखुबाईंनी दाराकडे पाहिलं. भिमाजी लांब होते, पाठमोरे, वाकून फुलं तोडत होते.

"तुमच्या डब्यात दोन दिवस भिंतीपाशी अडकला होता, ते लय बरं होतं ओ," त्या म्हणाल्या. "भिंतीच्या पुढं विहीर हाय. माझ्या राजला पोहता येत नव्हतं."